'स्टार सिटी'ची वाट बघताना

चांदणचुरा

एप्रिल २०२४मध्ये अ‍ॅपलने 'फॉर ऑल मॅनकाइंड'चा पाचवा सीझन जाहीर केला आणि त्याच दमात 'स्टार सिटी' (मॉस्कोजवळचं सोव्हिएत अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचं गाव) या नव्या मालिकेचीही घोषणा केली. तेव्हापासून माझा जीव पाचव्या सीझनपेक्षा या दुसरीतच जास्त अडकलाय. का, ते एकदा नीट लिहून काढावं आणि तुमचंही मत ऐकावं, म्हणून हा धागा.

ज्यांनी मूळ मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २६ जून १९६९. जगभर लोक टीव्हीसमोर खिळलेत. माणूस चंद्रावर उतरतो, आणि त्याचं पहिलं वाक्य ऐकू येतं ते रशियनमध्ये. उतरलेला असतो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन त्याच्यानंतर पोचतात, दुसरे म्हणून. पुढच्या खेपेला सोव्हिएत एका बाईला चंद्रावर उतरवतात आणि हादरलेली नासा घाईघाईने बायकांचं प्रशिक्षण सुरू करते. हरल्यामुळे अमेरिका शर्यत सोडत नाही. मग चंद्रावर तळ, तिथून मंगळ, दर सीझनला साधारण दहा वर्षं पुढे.

कल्पना जबरदस्त, मांडणी त्याहून. पण पहिल्या सीझनपासून मला एक प्रश्न छळतोय: ज्यांनी ही शर्यत जिंकली ती माणसं आहेत कुठे? पहिल्या सीझनमध्ये ती जवळजवळ दिसतच नाहीत. टीव्हीच्या पडद्यावरची धुरकट आकृती, खड्ड्यापलीकडचा तळ, हेल्मेटच्या काचेआडचा एक अनोळखी चेहरा, एवढंच. दुसऱ्या सीझनमध्ये सर्गेई निकुलोव येतो आणि पहिल्यांदा त्या बाजूचं कुणीतरी आपल्याला 'माणूस' म्हणून भेटतं. पियोत्र आदामचिक या पोलिश नटाने त्याचं अवघडलेपण काय सुंदर दाखवलंय! नासातल्या मार्गोशी इंजिनांबद्दल बोलताना तो खुलतो आणि पुढच्याच वाक्याला मिटतो. त्याच्या मागे कोण उभं आहे, तो कुठल्या खोलीतून आलाय, संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला कुणाला काय काय सांगावं लागतं, यातलं काही आपल्याला दिसत नाही.

'स्टार सिटी' नेमकी तिथे जाणार आहे. घोषणेत म्हटलंय तसं, सोव्हिएत माणूस चंद्रावर पोचतो त्या क्षणाकडे मालिका परत जाते, पण या वेळी पोलादी पडद्याच्या आतून: अंतराळवीर, अभियंते, आणि त्यांच्यातच पेरलेले गुप्तहेर. मॅट वुल्पर्ट आणि बेन नेडिव्ही सूत्रधार आहेत, मूळ मालिकेचा जनक रॉनल्ड मूर सोबत आहे, रीस इफान्स प्रमुख भूमिकेत.

माझी सगळी उत्सुकता एका माणसाभोवती आहे. सर्गेई कोरोल्योव. स्पुटनिक त्याचा, गागारिनचं यान त्याचं, लिओनोव ज्यातून अवकाशात बाहेर पडला ते यानही त्याचंच. पण तो जिवंत असेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचं नाव माहीत नव्हतं. वर्तमानपत्रांत फक्त 'मुख्य रचनाकार' असा उल्लेख यायचा. १४ जानेवारी १९६६ला मॉस्कोत शस्त्रक्रिया सुरू असताना तो गेला आणि दोन दिवसांनी 'प्रावदा' या वृत्तपत्रात मृत्युलेखासोबत त्याचा फोटो छापून आला. सामान्य सोव्हिएत नागरिकाने तो चेहरा पहिल्यांदा पाहिला तो असा. १९३८मध्ये स्तालिनच्या काळात त्याला अटक झाली होती, कोलिमाच्या खाणीत पाठवलं होतं. त्याच राज्यव्यवस्थेसाठी त्याने पुढे रॉकेटं बांधली.

रॉनल्ड मूरने सांगितलंय की मालिकेतला इतिहास वळतो तो इथेच. या जगात कोरोल्योव त्या शस्त्रक्रियेतून वाचतो.

आता विचार करा. वाचलेला कोरोल्योव. चंद्र जिंकलेला कोरोल्योव. मग तरी त्याचं नाव जाहीर करतील का? की जिंकल्यामुळे तो आणखी मोलाचा होईल आणि म्हणून आणखी खोल लपवला जाईल? मला हे बघायचंय. हरलेल्यांची तगमग मूळ मालिकेने पुष्कळ दाखवली. जिंकूनही ज्यांच्या वाट्याला काहीच मोकळेपणा आला नाही, त्यांची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही.

आणि दुसरं, बायका. १९६२मध्ये सोव्हिएतांनी अंतराळवीर म्हणून पाच जणी निवडल्या होत्या. तेरेश्कोवा १९६३मध्ये अवकाशात गेली. सोलोव्योवा, पोनोमार्योवा, योर्किना, कुझनेत्सोवा कधीच गेल्या नाहीत आणि १९६९मध्ये तो गट गुंडाळला गेला. मालिकेत त्याच वर्षी बाई चंद्रावर उतरते! पोनोमार्योवासारख्या हुशार, विमान चालवणाऱ्या बाईला खऱ्या आयुष्यात जे नाकारलं गेलं ते इथे मिळताना बघायची मला फार फार इच्छा आहे.

तुम्ही कुणी वाट बघताय का? कशासाठी?


तिरपी_रेघ

मी! रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन. लिओनोव २०१९च्या ११ ऑक्टोबरला गेला आणि मालिका १ नोव्हेंबरला आली. पहिला भाग बघताना हे मनातून जात नव्हतं. तीन आठवडे आणखी जगता तर स्वतःला चंद्रावर उतरताना बघता.


गुरुत्व

चांदणचुरा, लेख आवडला. मालिकेचा मीही चाहता आहे. पण कोरोल्योव वाचला म्हणून चंद्र मिळाला, हे मला पचत नाही. माझं काम यंत्रांशी आहे, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

सोव्हिएतांचं चंद्रावर जायचं रॉकेट म्हणजे एन-१. उंची सुमारे १०५ मीटर. पहिल्या टप्प्याला ३० इंजिनं. अमेरिकेच्या सॅटर्न-५ला पाच होती, पण एकेक अवाढव्य. सोव्हिएतांकडे तेवढं मोठं केरोसिन इंजिन नव्हतं, कारण कोरोल्योव आणि इंजिनांचा बादशहा ग्लुश्को यांचं फाटलं होतं. ग्लुश्कोला जहाल विषारी इंधन हवं होतं, जे एकमेकांना लागताच आपोआप पेटतं. कोरोल्योव म्हणाला, माणसं बसवायच्या रॉकेटात ते नको. शेवटी तो कुझनेत्सोवकडे गेला, ज्याचा हात विमानांच्या इंजिनांवर बसलेला. त्याने लहान इंजिनं दिली, म्हणून ती ३० लावावी लागली.

आता खरी मेख. त्या इंजिनांच्या काही झडपा स्फोटकाने उघडणाऱ्या होत्या, एकदाच चालणाऱ्या. म्हणजे एखादं इंजिन पेटवून तपासलं की ते उडवायला उरत नाही. मग काय करायचे? एका खेपेतली काही इंजिनं तपासायची आणि ती पास झाली की बाकीची न पेटवता बसवायची. आणि ३० इंजिनांचा अख्खा टप्पा जमिनीवर बांधून एकत्र पेटवून बघायला त्यांच्याकडे सोयच नव्हती. अमेरिकेने मिसिसिपीत त्यासाठी प्रचंड मनोरे बांधले. सोव्हिएतांनी ठरवलं, उडवूनच बघू.

चार वेळा उडवलं. २१ फेब्रुवारी १९६९ला सगळी इंजिनं ६९व्या सेकंदाच्या सुमारास बंद. ३ जुलै १९६९ला रॉकेट उठलं आणि परत तळावरच कोसळलं, तळ उद्ध्वस्त. १९७१ला परत अपयश. नोव्हेंबर १९७२ला १०७ सेकंद चाललं, पहिला टप्पा संपायला काही सेकंद उरले असताना फुटलं.

मालिकेत लिओनोव उतरतो २६ जूनला. खऱ्या जगात त्यानंतर आठवड्याभरात याच रॉकेटाने स्वतःचा तळ उडवला. हे अंतर एका माणसाच्या जगण्याने भरून निघत नाही. पैसा उशिरा आला, १९६४च्या ऑगस्टपर्यंत चंद्रावर जायचा पक्का निर्णयच झाला नव्हता. केनेडीने घोषणा केली त्याला तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. वर चेलोमेई हा दुसरा रचनाकार वेगळं रॉकेट घेऊन बसलेला, आणि ग्लुश्को त्याच्या बाजूने. हा घोळ कोरोल्योव जिवंत असतानाच झाला होता.

मला 'स्टार सिटी'कडून अपेक्षा आहे ती ही: त्यांनी हे कसं सुटलं ते दाखवावं. नुसतं 'तो वाचला आणि जमलं' म्हणून पुढे गेले तर मी नाराज होईन.


चांदणचुरा

गुरुत्व, तुमचा प्रतिसाद वाचून मला मालिकेची ओढ आणखी वाढली. तांत्रिक बाजू मान्य. पण कोरोल्योव म्हणजे फक्त अभियंता नव्हता ना. क्रुश्चेव्हकडे थेट जाऊन भांडू शकणारा, लष्कराच्या क्षेपणास्त्राच्या पैशातून स्पुटनिक उडवून घेणारा माणूस होता तो. त्याच्या जागी आलेला मिशिन हुशार होता, पण त्याच्या शब्दाला ते वजन नव्हतं. कोरोल्योव जगता तर ग्लुश्कोशी त्याचं पुन्हा जुळतं का, जमिनीवरच्या चाचणीसाठी तो हट्ट धरून पैसा आणतो का, हेच तर नाट्य आहे. तुम्ही जी यादी दिलीत तो एकेक भाग होऊ शकतो!

शिवाय खऱ्या योजनेत यान दोघांचं होतं आणि चंद्रावर उतरायचं फक्त एकाने. दोन यानांच्या मध्ये आतून जायला वाट नव्हती. चंद्राभोवती फिरत असताना त्या एकाने बाहेर पडून, अवकाशातून चालत दुसऱ्या यानात शिरायचं आणि एकट्याने खाली जायचं. परत आल्यावर पुन्हा तसंच. मूळ मालिकेत आपल्याला फक्त पाऊल पडताना दिसलं. ही वाट चालताना लिओनोव दिसावा, एवढं एक दृश्य जरी मिळालं तरी माझं समाधान होईल.


शनिवारपेठी

गुरुत्व यांच्या आक्षेपावर एक आठवलं. पानिपत मराठ्यांनी जिंकलं असतं तर, अशी कथा जयंत नारळीकरांनी लिहिली आहे, इथे बहुतेकांनी वाचली असेल. त्यातही इतिहास वळतो तो असाच. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते. तिथेही आपण विचारू शकतो की दाणागोटा संपलेला, सैन्य उपाशी, एका माणसाच्या वाचण्याने काय होणार? पण त्या कथेचं बळ त्या गोळीत नाही, नंतर उभ्या राहिलेल्या मुंबईत आहे. 'स्टार सिटी'तही तसंच व्हावं. कारण पटवायला एखादा भाग खर्च करा, पण त्यातून बदललेलं गाव, बदललेली माणसं नीट उभी करा.


गुरुत्व

शनिवारपेठी, हे पटलं. तरी तो एक भाग मला हवाच आहे.


मुळामुठा

धागा वाचून राहवलं नाही. मी साठी ओलांडलेला माणूस, मालिका मुलीने लावून दिली आणि मी चारही सीझन पाहिले.

आमच्या लहानपणी सोव्हिएत पुस्तकं घरोघरी असायची. मुंबईच्या पीपल्स बुक हाऊसमधून किंवा गावात येणाऱ्या प्रदर्शनांतून वडील आणायचे. मागच्या पानावर कोपेकमध्ये किंमत छापलेली, आणि आपल्याकडे ती मिळायची अक्षरशः काही आण्यांना, नंतर दोन-चार रुपयांना. मराठीतही यायची. गागारिन, तेरेश्कोवा, लिओनोव ही नावं आम्हाला पाठ. गागारिन १९६१च्या अखेरीस भारतात आले, मुंबईतही आले, तेव्हा वडील बघायला गेले होते. त्या पुस्तकांत सगळे चेहरे हसरे. कुणी मेलं, कुणी अपयशी ठरलं, असं एकाही पानावर नाही. बोंदारेन्को नावाचा मुलगा १९६१च्या मार्चमध्ये सरावाच्या कोठडीत जळून गेला, गागारिन उडायच्या काही दिवस आधी, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. चोवीस वर्षांचा होता. सरकारने ही गोष्ट १९८६पर्यंत दाबून ठेवली.

त्या पुस्तकांवर माझं प्रेम होतं आणि आहे. म्हणूनच त्यांनी जे सांगितलं नाही ते बघायची ओढ आहे. यात मला कुणाची फजिती बघायची नाही. त्या हसऱ्या फोटोंतल्या माणसांचं खरं आयुष्य कळावं, एवढंच.

आणि एक गोष्ट तुम्हा तरुणांना सांगावीशी वाटते. स्टार सिटी हे गाव आपल्यालाही परकं नाही. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा १९८२पासून तिथे राहिले, सगळं प्रशिक्षण रशियनमधून घेतलं. ३ एप्रिल १९८४ला शर्मा अवकाशात गेले, मालिशेव आणि स्त्रेकालोव यांच्याबरोबर, साल्युत-७ या अवकाश स्थानकावर; सगळे मिळून जवळजवळ आठ दिवस वर राहिले. दूरदर्शनवर इंदिराबाईंशी झालेलं त्यांचं बोलणं आमच्या पिढीतला प्रत्येक जण सांगेल. पण मल्होत्रा? त्यांनी तेवढाच सराव केला, तीच भाषा शिकले, तेच गरगरणारं यंत्र सोसलं आणि राखीव म्हणून खालीच राहिले. मला वाटतं, स्टार सिटी हे जेवढं गेलेल्यांचं गाव आहे त्याहून जास्त न गेलेल्यांचं आहे. मालिकेने त्यांच्याकडे लक्ष द्यावं.


चांदणचुरा

काका, काय लिहिलंत! 'न गेलेल्यांचं गाव'. नेल्युबोव आठवला. गागारिन, तितोव यांच्या बरोबरीचा उमेदवार. गस्तीवरच्या सैनिकांशी वाद झाला, माफी मागायला तयार झाला नाही, १९६३मध्ये तुकडीतून काढलं आणि मग जुन्या फोटोंतून त्याला पुसून टाकलं. तो उभा होता ती जागा रंगवून झाकली. असा एखादा माणूस मालिकेत असेल तर मी रडणार हे नक्की.


फिरस्ती

मी कामानिमित्त मॉस्कोला राहायचो तेव्हा एकदा परवानगी काढून एका गटाबरोबर स्टार सिटीत गेलो होतो. मॉस्कोच्या ईशान्येला, श्चोल्कोवोजवळ. पाइन आणि बर्चची दाट झाडी, त्यात एकदम साध्या चौकोनी इमारती. सोव्हिएत काळात हे गाव नकाशावर दाखवत नसत.

गागारिनचा पुतळा आहे तिथे, चालत येतोय असा. समोरून बघितलं तर नेहमीचा वीरपुरुष. मागे जाऊन बघा, पाठीमागे धरलेल्या हातात एक डेझीचं फूल आहे. आमच्या गटातले सगळे आधी समोरून फोटो काढून पुढे निघाले होते, वाटाड्या बाईंनी परत बोलावून ते दाखवलं. आत मोठं गरगर-यंत्र आहे, त्याचा हात १८ मीटर लांब. ते १९८०च्या सुमाराचं, त्यामुळे १९६९च्या गोष्टीत दिसायला नको. दिसलं तर मी इथे येऊन कळवीन.

अंतराळवीर, त्यांचे शिक्षक, डॉक्टर, त्यांची पोरंबाळं सगळी त्याच इमारतींत राहायची. म्हणजे ज्या बाईचा नवरा आज परतला नाही ती आणि ज्याचा नंबर उद्या लागणार त्याची बायको एकाच जिन्यात राहणार. अंतराळवीर कोमारोव १९६७मध्ये मरण पावला, गागारिन स्वतः १९६८मध्ये. गुप्तहेरांच्या थरारापेक्षा मला हे जिने बघायचेत.


तिरपी_रेघ

आले, आता सविस्तर.

मला उत्सुकता आहे तशी भीतीही आहे. ब्रिटिश नटांनी इंग्रजीत बोललेला रशिया आपण 'चेर्नोबिल' या मालिकेत पाहिला आणि तो चालला, कारण त्यांनी खोटे रशियन हेल काढले नाहीत, आणि भिंतींचा रंग, खुर्च्या, पडदे, कपडे यांवर जीव ओतला होता. 'स्टार सिटी'चं चित्रीकरणही त्याच लिथुआनियात झालंय, आणि त्यातला नट अ‍ॅडम नगाइतिस इथेही आहे. त्यामुळे तेवढी काळजी मिटली. मूळ मालिकेत मात्र रशियन पात्रं आपसात रशियन बोलायची. मूळ मालिकेच्या प्रेक्षकाला हा बदल थोडा टोचेल. मला स्वतःला रशियनच आवडलं असतं, पडद्याखालचा मजकूर वाचत बघायची आपल्याला सवय आहे.

खरी भीती गुप्तहेरांची आहे. मूळ मालिकेत केजीबीची माणसं एकसुरी झाली होती. काळा कोट, थंड डोळे, धमकी. घोषणेत 'थरारपट' हा शब्द वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाळत ठेवणं हे त्या गावात रोजचं होतं, धमकीसारखं वेगळं काढून दाखवण्यासारखं नव्हतं. अपोलो-सोयुझ या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त मोहिमेच्या वेळी, १९७३ ते ७५, अमेरिकन चमू स्टार सिटीत येऊन राहायचा. त्यांनीच पुढे सांगितलंय की खोलीत मोठ्याने एखादी तक्रार केली की दुसऱ्या दिवशी ती वस्तू हजर व्हायची. पाहुण्यांना त्याची गंमत वाटली. पण जे तिथे कायमचे राहत होते त्यांना घरात भांडणसुद्धा हळू आवाजात करावं लागत असेल ना? आणि ऐकणारी व्यक्ती? तीही तिथलीच, तिचंही पोरगं त्याच शाळेत. अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन कलाकारांत आहे हे वाचून मला आशा वाटते. कठोर आणि थकलेलं, दोन्ही एका चेहऱ्यावर दाखवू शकणारी बाई आहे ती.


अर्धविराम

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटतंय, पण रॉनल्ड मूरच्याच नावावर 'कॅप्रिका' आहे हे विसरू नका. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'सारखी मालिका, तिच्या आधीची गोष्ट सांगणारी फांदी काढली, आणि एका सीझनमध्ये संपली. शेवट काय होणार हे आधीच माहीत होतं. इथेही तेच. लिओनोव उतरणार, हे माहीत. पुढे काय होतं तेही चार सीझनभर पाहिलंय. मग ताण कुठून येणार?


चांदणचुरा

अर्धविराम, 'कॅप्रिका' मला आवडली होती, पण ती का पडली ते मान्य. ती मूळ मालिकेपासून पन्नासेक वर्षं मागे गेली आणि मूळ प्रेक्षकाला ज्यासाठी ती बघायची होती ते अवकाशच त्यात फारसं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला 'स्टार वॉर्स'मधली 'अँडोर' बघा. नायक मरणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत. साम्राज्याचा मोठा तळ (डेथ स्टार) बांधला जाणार, उडवला जाणार, तेही माहीत. तरी तुरुंगाचे ते भाग बघताना श्वास अडकला होता. कारण तिथे प्रश्न 'काय होणार' हा नव्हताच, 'हा माणूस तिथपर्यंत कसा आला' हा होता. सत्तेचं रोजचं कामकाज, बैठका, नोंदी, बढतीसाठी धडपडणारे अधिकारी, यांतून त्यांनी ताण उभा केला. 'स्टार सिटी'त हे सगळं आयतं आहे, आणि ते खरं घडलेलं आहे.

शिवाय मूळ मालिकेतून आपल्याला सोव्हिएत बाजूचं काय माहीत आहे? फक्त अमेरिकेला जे दिसलं ते. लिओनोव उतरला हे माहीत. त्याआधी किती जण गेले, कुणाचा बळी दिला, कुणी कुणाविरुद्ध कागद लिहून दिला, यातलं काही माहीत नाही. चार सीझन पाहूनही त्या गावाबद्दल आपण कोरेच आहोत.


अर्धविराम

'अँडोर'चं उदाहरण चपखल. ठीक आहे, मीही बघणार. पण दुसऱ्या भागापर्यंत पकड आली नाही तर स्पष्ट लिहीन इथे.


चांदणचुरा

लिहाच. त्यासाठीच धागा आहे.


नवी_सभासद

नमस्कार. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही, पण मुळामुठा काका आणि फिरस्ती यांचे प्रतिसाद वाचून बघावंसं वाटायला लागलं. थेट 'स्टार सिटी' बघितली तर चालेल का? चार-पाच सीझन बघायला वेळ मिळणं कठीण आहे.


तिरपी_रेघ

स्वागत! काळ १९६९चाच असल्यामुळे थेट बघूनही समजायला हरकत नसावी. पण मूळ मालिकेचा पहिला सीझन तरी बघाच. पहिले दोन भाग थोडे संथ आहेत, नासातले पुरुष आणि त्यांचे रुसवे. तिसऱ्या भागापासून बायकांची निवड सुरू होते आणि मग थांबवत नाही. मॉली कॉबला भेटलात की तुम्ही आमच्यातल्याच झालात.


चांदणचुरा

तिसरा भाग, हो! पहिला सीझन संपला की दुसऱ्याचे शेवटचे दोन भागही बघा, त्यांतलं काय ते इथे लिहीत नाही. आणि मार्गो-सर्गेई प्रकरण कळायला दुसरा-तिसरा सीझन लागतोच. तिने शटलमधल्या एका दोषाबद्दल त्याला सावध केलं, अंतराळवीरांचे जीव वाचावेत म्हणून, शत्रूला मदत म्हणून नव्हे. तिथून त्या दोघांच्या आयुष्याचं जे होत गेलं ते बघितलं की 'स्टार सिटी' कुठल्या मातीतून उगवलीय ते लक्षात येतं. दोघांनाही यंत्र नीट चालावं एवढंच हवं होतं.


मुळामुठा

आणखी एक. २०२०मध्ये आपले गगनयानचे चौघेही तिथेच, गागारिन केंद्रात सरावाला गेले होते, आणि त्यांतले शुभांशू शुक्ला २०२५च्या जूनमध्ये अमेरिकन यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आले. बाकीचे तिघे अजून वाट बघताहेत. शर्मांच्या वेळचे लोक आणि हे, दोघांनीही त्याच गावात हिवाळे काढले. मालिकेत भारत येईल असं नाही, १९६९ला आपला तिथे संबंधही नव्हता. पण बघताना मला ही माणसं आठवत राहणार.


गुरुत्व

काका, कुझनेत्सोवच्या इंजिनांचंही तसंच झालं. एन-१ रद्द झाल्यावर, १९७४नंतर, सुधारलेली इंजिनं नष्ट करा असा हुकूम होता. ती नष्ट न करता गोदामात दडवून ठेवली गेली. सोव्हिएत संघ संपल्यावर अमेरिकनांनी ती पाहिली, विकत घेतली, आणि २०१३-१४मध्ये त्यांच्या अँटारेस रॉकेटाखाली लावून उडवली. पहिली उड्डाणं यशस्वी झाली. ऑक्टोबर २०१४मध्ये एक फुटलं आणि मग ती बदलली. चाळीस वर्षं पडून असलेलं इंजिन नव्या रॉकेटाला चालतं, यावरून ती माणसं काय ताकदीची होती ते कळतं. वर मी एन-१वर टीका केली ती व्यवस्थेवर. त्या कारागिरांबद्दल मला प्रचंड आदर आहे.


फिरस्ती

गुरुत्व, हे माहीत नव्हतं. कुझनेत्सोवचं काम जिथे चालायचं त्या समारात, म्हणजे तेव्हाच्या कुइबिशेवमध्ये, मी जाऊन आलोय. तेही परदेशी लोकांना बंद असलेलं शहर होतं. मालिका तिथवर गेली तर मजा येईल.


चांदणचुरा

सगळ्यांचे प्रतिसाद इतके भरभरून आलेत की मूळ लेख फिका वाटावा. आता मालिका सुरू झाल्यावर काय करायचं ते ठरवून टाकू. दर भागाच्या चर्चेसाठी मी वेगळा धागा काढीन आणि शीर्षकात भागाचा क्रमांक टाकीन. ज्यांचा भाग बघून व्हायचाय त्यांनी तो उघडू नये. या धाग्यावर मात्र पुढचं काही फोडायचं नाही, इथे फक्त मालिकेआधीची माहिती, खरा इतिहास आणि आपले अंदाज. गुरुत्व, एन-१बद्दल तुम्ही लिहिलंत ते जरा वाढवून स्वतंत्र लेख कराल का? झडपांचं आणि इंजिन-तपासणीचं नीट आकृतीसह. मालिका येण्याआधी तो वाचायला मिळाला तर आम्हा सगळ्यांना उपयोग होईल.


गुरुत्व

करतो. या शनिवार-रविवारी बसतो. आकृत्या हाताने काढून टाकल्या तर चालतील ना?


चांदणचुरा

हाताने काढलेल्याच टाका!